बैठकीतला राउटर

सकाळी दहा अडतीसला हेमांगीच्या लॅपटॉपवरचं वायफाय सहाव्यांदा तुटलं. मुलाखत अकराला होती.

शिरपूरच्या एका प्रयोगशाळेत शेतातल्या मातीचे नमुने तपासायची नोकरी. मागच्या मंगळवारी व्हिडिओ मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला चित्र थिजलं होतं आणि ते परत हललं नव्हतं. प्रयोगशाळेने आजची वेळ दिली होती. ही शेवटची, असंही कळवलं होतं. मोबाइलचं नेट या गावात बोलण्यापुरतं चालायचं, व्हिडिओ चालत नसे.

ती स्वयंपाकघरात ओट्याशी पाट टाकून बसली होती. स्पीकरवर ठेवलेल्या फोनवर धुळ्याहून तिचा भाऊ भूषण होता.

"बंद करून चालू केलास?"

"दोनदा."

"रेंजच्या किती दांड्या दिसतात?"

"एक. मध्येच तीही जाते."

"राउटर कुठे आहे?"

"बैठकीत."

"आणि मध्ये काय आहे?"

हेमांगीने मान वळवून पाहिलं. "दोन भिंती. मधल्या खोलीत गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या. चार."

"मग तुझ्या लॅपटॉपला काहीच झालेलं नाही. पत्र्यातून काय येणार? उठ, बैठकीत जाऊन बस."

"नाना बसलेत. अभिमनकाका आणि भिकनकाका आलेत."

"मग?"

लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासरे बैठकीत असताना ती चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यापर्यंत जायची आणि तिथूनच परतायची. तसं कुणी सांगितलं नव्हतं. सासू तसंच करत होती.

"बरं," भूषण म्हणाला. "एक शेवटचं करून बघ. ते वायफाय यादीतून काढून टाक आणि नव्याने जोड. फॉरगेट दाब."

तिने दाबलं. नाव गेलं, पुन्हा आलं. पुढे कुलपाचं चिन्ह. खाली रिकामी चौकट: पासवर्ड टाका.

"दादा, पासवर्ड मला माहीत नाही. पहिल्या दिवशी ह्यांनी टाकला होता."

"फोन लाव भाऊजींना."

ललित सूतगिरणीत होता. तिथे फोन गेटवर जमा करतात. पाळी दुपारी तीनला सुटायची.

दहा सत्तेचाळीसला हेमांगी लॅपटॉप उघडाच घेऊन, त्यावर चालू फोन ठेवून बैठकीच्या उंबऱ्याशी आली. नाना पलंगावर टेकून बसले होते. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर विजेचा बोर्ड, त्याच्या वर भिंतीत ठोकलेला राउटर. दोघं पाहुणे समोर खुर्च्यांवर.

"नाना, वायफायचा पासवर्ड हवा होता."

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "संध्याकायले ललित ई. तो टाकी दी."

"मुलाखत अकराला आहे."

"घरमा बठ्ठं शे. आखो काय पाहिजे?" घरात सगळं असताना आणखी काय हवं, हे त्यांनी अभिमनकाकांना विचारलं. अभिमनकाका हसले.

मागून बेबाबाई चहा घेऊन आल्या. सुनेच्या शेजारी उंबऱ्याशी थांबल्या.

"माले म्हाईत शे," त्या म्हणाल्या.

"तुले काय म्हाईत?" नाना म्हणाले. "तुले वाचता येस का?"

"वाचता येत नही. आयकता येस. तो वायरवाला आला तवय पाणी मीच दिन्हं व्हतं. त्यानी इचारं, काय ठेवू. तुम्हीन काय सांगं, ते आयकं."

"मंग सांग ना."

नाना निवांत होते. ते का निवांत आहेत हे आधी भिकनकाकांच्या ध्यानात आलं, मग अभिमनकाकांच्या. पासवर्ड म्हणून वायरवाल्याला नानांनी स्वतःचंच नाव सांगितलं होतं. नवऱ्याचं नाव बेबाबाईंनी चाळीस वर्षांत घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही त्या कार्डच पुढे करायच्या.

"वैनी, उखाना घ्या, उखाना!" अभिमनकाकांनी मांडीवर थाप मारली. "त्याबिगर कसं?"

बेबाबाईंनी ट्रे उंबऱ्यावर ठेवला. पदर होता तिथेच राहू दिला.

"रुपचंद," त्या म्हणाल्या. "रुपचंद, नी एकोणीसशे साठ. टाक वं पोरी."

हेमांगीने उभ्यानेच टाकलं. पहिल्यांदा बोट चुकलं. दुसऱ्यांदा लागलं.

"किती दांड्या?" फोनवरून भूषण विचारत होता.

"दोन."

"दोनावर व्हिडिओ चालणार नाही. आत जाऊन बस, मगाशी सांगितलं ना."

ते बैठकीत सगळ्यांना ऐकू गेलं. बेबाबाईंनी उंबरा ओलांडला. भिंतीशी मिटवून ठेवलेली लोखंडी खुर्ची उघडली आणि राउटरसमोर मांडली.

"आठे बैस."

हेमांगी आत आली. बसली. लॅपटॉप मांडीवर घेतला. चार दांड्या झाल्या. भिकनकाका उठून चपला शोधू लागले. अभिमनकाका चहाची वाट पाहत होते, आणि चहा उंबऱ्यावरच होता.

"बठ्ठी लाज सोडी का?" नाना हळू म्हणाले.

"चहा थंडा व्हई ऱ्हायना," बेबाबाई उंबऱ्यावरच्या ट्रेकडे हात करत म्हणाल्या. "लई ल्या."

अकराला पडद्यावर दोन माणसं आणि एक बाई दिसली. आवाज येतोय का, असं त्या बाईने विचारलं. येतोय, असं हेमांगीने सांगितलं. अकरा चारला मातीतल्या क्षारांबद्दलचा पहिला प्रश्न आला आणि ती उत्तर देऊ लागली.

अकरा अकराला नाना पलंगावर सरळ झाले आणि बोर्डाकडे सरकले. बेबाबाई आल्या आणि पलंगाच्या त्या टोकाला, बोर्डाच्या खाली, पाठ भिंतीला लावून बसल्या. पाहुण्यांसमोर पलंगावर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. राउटरच्या बटणासकट सगळी बटणं त्यांच्या डोक्यामागे गेली.

"सरक," नाना म्हणाले.

त्या सरकल्या नाहीत.

अकरा एकवीसला पाचवा प्रश्न चालू होता. नाना पलंगाशी उभे होते. राउटरचा दिवा हिरवा होता.