दाराचा दगड

“मशीनच बरंय मला,” फकरुद्दीन पुन्हा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

बरं कसलं, डोंबलाचं! दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा तेरखेड्याहून धाराशिवला जायचं, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि येताना एसटीच्या खिडकीतून ओकत यायचं. परवा तर मशीनवरच त्याचं बीपी पडलं, डोळे पांढरे झाले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, तुमचं हृदय आता मशीन सोसणार नाही, घरीच पोटातून डायलिसिस करा. पोटात नळी बसवायची, औषधी पाण्याची पिशवी दिवसातून चारदा बदलायची. पण हा बाबा ऐकेल तर शपथ.

कुलसुमबीला ते फार लागलं होतं. “पिशवी म्याच लावणार ना? मग सरळ सांगा की, माज्या हातावर भरवसा न्हाय म्हणून!” ती सिस्टरसमोरच नवऱ्यावर कडाडली.

सिस्टर शिवरंजनी दवाखान्यातून घर बघायला आणि पिशवी कशी लावतात ते दाखवायला आली होती. घर दोन खोल्यांचं, पण लख्ख. नवराबायकोची हयात फटाक्याच्या कारखान्यात गेलेली. तिथली एक शिस्त सगळ्यांना पाठ असते. शोभेची दारू भरताना दार सताड उघडं ठेवायचं, ठिणगी पडली तर पळता आलं पाहिजे. तीच सवय घरात मुरली असावी, असं सिस्टरला वाटलं. आतल्या खोलीच्या दाराला दगडी पाटा लावून ठेवला होता. मोरीला तर नुसता पडदा.

“जागा छान आहे, चाची,” ती म्हणाली. “एकच पाळा. पिशवी बदलताना पंखा बंद आणि दार लावून घ्यायचं. वाऱ्यानं धूळ आली की पोटात जंतू जातात. डॉक्टरांनी चाचांना हे पहिल्याच दिवशी सांगितलंय.”

कुलसुमबीनं नवऱ्याकडं पाहिलं. घरी येऊन त्यानं तिला सगळं सांगितलं होतं, नळीचं, पिशवीचं, पाण्याचं. दाराचं तेवढं सांगितलं नव्हतं.

“मशीनच बरंय,” तो भिंतीलाच म्हणाला.

तिला कारखान्यातला तो दिवस आठवला. त्या दिवशी जोराचं वारं सुटलं होतं. शेडमध्ये दारूची भुकटी वाऱ्यानं उडायला लागली, म्हणून दार बाहेरून लागलं, आणि तेवढ्यात आत ठिणगी पडली. आत रुबिना होती. त्यांची एकुलती एक लेक.

कुलसुमबी उठली. पाटा पायानं सरकेना, तिनं दोन्ही हातांनी ढकलला.

“ऱ्हाऊ दे, कुलसुम!” तो धडपडत उठून बसला. “जातो की म्या धाराशिवला. काय होत न्हाय मला.”

तिनं दार लोटलं. कडी गंजली होती. तिनं जोर लावून ती घातली. मग ती दाराला पाठ टेकून उभी राहिली.

“रुबिनाच्या अंगावर दार म्याच वढलं हुतं. इतक्या वर्सांत तुमी एका शब्दानं बोलला न्हाय मला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तवा म्या भाईर हुते. आज आत हाय. सिस्टर, दावा ती पिशवी.”