पेनांगची मॅच

“पुन्हा! आता डाव्या कोपऱ्यात,” श्यामराव टेबलापलीकडून म्हणाले आणि त्यांनी सर्व्हिस टाकली.

सुशीलाबाईंनी चेंडू डाव्या कोपऱ्यात असा मारला, की श्यामरावांचा हात पोचलाच नाही. ते टेबलाला टेकून उभे राहिले. धाप लागली होती, पण चेहरा असा फुलला होता, जणू पॉइंट त्यांनाच मिळाला.

“बस करा न आता,” सुशीलाबाई म्हणाल्या. “रोज माह्या हातानं हरून राहिले. परदेशात जाऊन काय खेळाल तुम्ही?”

“तू फक्त मारत राय. बाकी मी पाहून घेतो.”

मरोद्याच्या कारखाना-वसाहतीतल्या क्लबाच्या एकुलत्या एक टेबलावर हे वर्षभर चाललं होतं. श्यामराव लांजेवार स्टील प्लांटातून ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या: टेबल टेनिस आणि परदेशवारी. मलेशियात पेनांगला साठीपुढच्या खेळाडूंची स्पर्धा भरणार आहे असं त्यांना कळलं, आणि दोन्ही हौशी एकाच तिकिटात भागवायचं त्यांनी ठरवलं. सरावाला जोडीदार मिळेना, म्हणून बायकोच्या हातात बॅट दिली. सुशीलाबाईंनी आधी नाक मुरडलं. मग सराट्यानं भाजी परततानाही त्यांचं मनगट आपोआप वळायला लागलं.

मुलगी ऐश्वर्या बंगळुरूला नोकरीला होती. तिचा फोन आला, की पहिला प्रश्न ठरलेला. “आई, प्रॅक्टिस कैसी चल रही है?”

“तुह्या बाबाले विचार. माही कायची प्रॅक्टिस!”

“अगं, पण शूज घालून खेळतेस ना तू? चप्पल नको, प्लीज.”

पोरीला बापापेक्षा आईच्या गुडघ्यांची काळजी, म्हणून सुशीलाबाई हसायच्या.

हसू आटलं ते एका दुपारी. पाणी प्यायला म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या, तर श्यामराव पाठमोरे उभे होते आणि जिभेखाली गोळी ठेवत होते.

“कायची गोळी आहे?”

“ॲसिडिटीची.”

ॲसिडिटीची गोळी कोणी जिभेखाली ठेवत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांच्या स्वतःच्या थोरल्या भावाच्या खिशात हृदयाच्या दुखण्यासाठी अशीच गोळी असायची. तरी त्यांनी वेगळंच विचारलं. “डॉक्टरले दाखवलं का? काय म्हणाले?”

“जा म्हणाले. फिरा, समुद्र पाहा. बायकोले दाखवा.”

आणि तिकिटं तर निघाली होती.

रायपूरहून विमान उडालं, तेव्हा सुशीलाबाईंनी श्यामरावांचा दंड घट्ट धरला आणि मग सोडूनही दिला, कारण खिडकीला नाक लावायला दोन्ही हात लागत होते. दुसरं विमान पेनांगला उतरताना खाली नुसतं पाणीच पाणी दिसलं. आजवर त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मरोद्याचा जलाशय.

“अहो, याले तं पलीकडचा काठच नाही!” त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की पुढच्या रांगेतल्या बायका वळून हसल्या.

संध्याकाळी दोघं वाळूत अनवाणी चालले. श्यामरावांनी दोघांसाठी सारखे निळे टी-शर्ट आणले होते. “उद्या हे घालायचं. आपली टीम आहे म्हटलं,” ते म्हणाले. सुशीलाबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या. पण चालता चालता श्यामराव दोनदा थांबले, आणि सुशीलाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. उद्या काहीही झालं तरी यांना खेळू द्यायचं नाही.

सकाळी सुशीलाबाई स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरल्या मात्र, आणि क्षणभर सगळं विसरल्या. जिकडे तिकडे टेबलं, वर लखलखीत दिवे, आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा चेंडूंचा आवाज. पांढऱ्या केसांची माणसं लहान पोरांसारखी उड्या मारत होती. सुशीलाबाईंच्याच वयाची, साठी ओलांडलेली एक जपानी बाई जिंकली आणि तिनं चक्क गिरकी घेतली. सुशीलाबाईंच्या अंगावर काटा आला.

मग त्या भानावर आल्या. श्यामरावांना त्यांनी कडेच्या खुर्चीत बसवलं आणि हात धरला.

“मले सारं माहीत आहे. ती गोळी ॲसिडिटीची नाही.”

श्यामराव समोरच्या टेबलाकडे पाहू लागले.

“डॉक्टरनं खेळू नका म्हटलं न?”

“म्हटलं.”

“मंग कावून आले इतक्या दूर? माह्या डोळ्यांसमोर काही झालं तं मी काय करू?”

“आता मागं फिरता येत नाही, सुशीला. नाव दिलं आहे.”

“जाऊ द्या नाव! पुकारलं तरी उठायचं नाही. माही शपथ आहे तुमाले.”

“बरं. नाही उठत.”

“खेळायचं नाही.”

“मी नाही खेळत. तुही शपथ.”

इतक्या सहज ऐकतील असं त्यांना वाटलं नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला. पण खरं सांगायचं तर चुटपुटही लागली. वर्षभराची मेहनत, एवढा प्रवास, आणि असला देखणा हॉल! समोरच्या टेबलाशी एक उंच गोरी बाई एकटीच उभी होती, कुणाची तरी वाट पाहत बॅट हवेत फिरवत होती. हिच्या बॅकहँडला जीव नाही, असं सुशीलाबाईंच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

लाउडस्पीकर खरखरला. त्यांनी श्यामरावांचा हात आणखी घट्ट दाबला. श्यामराव दिल्या शब्दाला जागून जागचे हलले नाहीत.

“टेबल फोर. लेडीज सिंगल्स. फ्रॉम इंडिया, मिसेस सुशीला लांजेवार.”