राखीव

नोरीनचा फियाक्रा लिमरिकच्या व्यावसायिक रग्बी संघात होता, पण अख्खा हंगाम त्याचा राखीव बाकावरच गेला. ती दर रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी मागणं मागायची.

"आई, कॅप्टन जायबंदी झाल्याशिवाय माझी पाळी यायची नाही," तो हसून म्हणायचा.

"असं अभद्र बोलू नये रे."

अंतिम सामन्यात एका झटापटीनंतर अंगावरचे गडी उठले, कॅप्टन उठला नाही. मानेला पट्टा बांधून त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि फियाक्रा मैदानात धावला.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी नोरीनला कोपरानं ढोसलं. "अहो, उठा की. तुमचा मुलगा उतरला ना मैदानात?"



नोरीनची नजर स्ट्रेचरवरून हलली नाही. "ते ज्याला नेतायत, तोही माझाच आहे."