मोठ्यानं वाच

वारा फिरला होता आणि हंसाबायच्या दोन्ही पोरांची होडी अजून माहीमच्या किनाऱ्याला लागली नव्हती. नात भाविका इंग्रजीचा धडा घोकत बसली होती.

“आजी, बाबांची नि काकाची मिळून एकच होडी हाय ना, मग ‘ब्रदर्स बोट’ म्हणायचं.”

हंसाबायनं उठून खिडकी घट्ट ओढून घेतली. “मग मांजरीगत म्याव काय करतेस? मोठ्यानं म्हण!”

“तुला कुठं कळतंय?”

“तू म्हण गं बाय, थांबू नको!” अख्खा मासळीबाजार गप्प करणारा तो आवाज पहिल्यांदाच कापला.



आतल्या खोलीत दिवस भरलेली धाकटी सून पडली होती, आणि किनाऱ्यावर उठलेला बायकांचा आकांत घराच्या दिशेनं येत होता.