कोर्मकचा ग्लास

जानेवारीच्या गारठ्यात, गावच्या पबमध्ये ओर्लाच्या साठीचं जेवण होतं. शेजारची खुर्ची रिकामी. तिचा जुळा भाऊ कोर्मक महिन्यापूर्वीच गेला होता. रीतीप्रमाणे मालकानं त्याच्या जागी काळ्या बिअरचा भरलेला ग्लास ठेवला.

"बापाच्या शेतापायी वीस वर्षं तोंड पाहिलं नाही मी त्याचं," ओर्ला फणकारली. "आता मेल्यावर कसले लाड?"

तिनं चहाचा कप पुढ्यात ओढला. दारूला ती कधी शिवलीच नव्हती.

मटणाचा रस्सा येईपर्यंत त्या ग्लासात आतून फेसाचं एक कडं उमटलं, घोट घेतल्यावर उमटतं तसं. मग त्याखाली दुसरं. तिसरं. खुर्चीकडे तर कुणी फिरकलंही नव्हतं.

"कोण पितंय रे?" तिनं नवऱ्याला विचारलं. जीभ कडूजहर झाली होती.

नवऱ्यानं रुमाल पुढे केला. "ओर्ला, आधी ओठांवरचा फेस पूस."