देव्हाऱ्यातलं बी

उगवण बघायला बांधून ठेवलेलं ओलं गोणपाट तात्यांनी काउंटरवर उलगडलं. आजोबांच्या ज्वारीतल्या एकाही दाण्याला कोंब नव्हता.

कणसं निवडून निवडून आजोबांनी ही ज्वारी घडवली. तिच्यावरच आमचं बियाण्याचं दुकान उभं राहिलं. पुढे कंपन्यांची पाकिटं आली आणि माझ्या वडिलांनी, तात्यांनी, ही ज्वारी पेरणं सोडलं. शेवटचं बी बरणीत भरून देव्हाऱ्यात ठेवलं. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहायचे. मी दरवर्षी भांडायचे, "तात्या, बी आहे ते, पेरा!"

"देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही."

यंदा पाकिटातलं बी उगवलंच नाही, म्हणून शेजारच्या सुगंधाकाकू जुनी ज्वारी मागायला आल्या होत्या. रिकामी पिशवी घेऊन समोरच उभ्या होत्या.

"आणखी थोडं भिजत ठेवू या का?" काकूंनी विचारलं.

"मेलंय ते," तात्या म्हणाले आणि देव्हाऱ्यातली बरणी आणून माझ्या हातात दिली. "दळून आण, पोरी. भाकरी तरी होईल."

पण इतक्या जुन्या ज्वारीच्या पिठाला विरीच नव्हती. भाकरी थापतानाच चिरली, तव्यावर टाकताना मोडली.

तात्यांनी तुकडे ताटात घेतले आणि आजोबांच्या तसबिरीकडे पाठ करून खाल्ले.