हात धरणारी

चूक तुमची आहे. कायदा करायला बसलात आणि बायकांना दोन दारांनी आत घेतलंत. मार खाणाऱ्या या दाराने, मारणाऱ्यांच्या घरच्या त्या दाराने. दोघी एकाच घरातून एकाच बसने येतील, हे तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

सून डावीकडून आली, सासू उजवीकडून. सासू सरळ चालत गेली आणि सुनेला खेटून बसली.

"आजी, तुमची जागा पलीकडे," शिपाई म्हणाला.

"तिकडे माझ्या ओळखीचं कोण आहे?"

समितीत हशा पिकला. तुमच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि सुनेला विचारलं, "नवरा मारतो?"

"मारतो."

"तेव्हा सासूबाई काय करतात?"

"माझे हात धरतात."

हसू विरलं. समितीतल्या वकीलबाईंनी मसुद्याचं पान काढलं. कलम तयारच होतं. मारहाणीत साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा. "मी म्हटलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. "हे हवंच."

"आणि हिनं माझे हात धरले, तर हिचं काय करणार?" सासूने विचारलं.

"म्हणजे?"

"त्याचं डोकं फिरलं की कधी माझी पाळी येते. मग ही धरते."

अध्यक्षांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "अहो, मग तक्रार कोणाची आणि कोणावर?"

"माझ्या मुलावर. घरात दुसरं आहे कोण?"

"पण हात तर तुम्ही धरता."

"तोच धरायला लावतो. थांबा, दाखवते."

ती उठली. सून काही न विचारता उभी राहिली आणि दोन्ही हात मागे नेले. सासूने मनगटं पकडली. पाहणाऱ्याला पकड घट्ट दिसत होती, पण आत मनगटं फिरत होती. सून अर्धी वळली आणि तिने तोंड सासूच्या खांद्यात खुपसलं.

"असं," सासू म्हणाली. "डोळे वाचतात. पाठीवर निभावतं."

जबानी लिहून घेणाऱ्याने पेन थांबवलं. "साहेब, हे कुठल्या बाजूला लिहू?"

एक सभासद म्हणाले, नाइलाजाने साथ देणाऱ्यांना वगळू. दुसरे म्हणाले, मग उद्या जो तो नाइलाजच सांगेल. तेही खोटं नव्हतं. वकीलबाईंनी कलमावर रेघ मारली, विचार केला आणि शेजारी लिहिलं, 'राहू दे'.

"कलम राहील," शेवटी अध्यक्ष म्हणाले. "तक्रार आली की मारणारा आणि हात धरणारी, दोघांनाही अटक होईल. पुढचं कोर्ट बघेल."

सासूने मनगटं सोडली. सुनेचे हात मागेच राहिले.

"त्याला सोडवायला त्याचा कामावरचा मालक येईल, साहेब," सून म्हणाली. "आईंना सोडवायला कोण येणार? तो घरी येईल, त्या आतच राहतील. मग तो मला दोरीने बांधेल. दोरीत वळता येत नाही. तेव्हा मी तोंड कुठे लपवायचं? सांगा. ऐकल्याशिवाय मी जात नाही."